मे महिन्यातलं कोकण: गावची घरं, खाडीतली तर, तंबू आणि आंब्याच्या पेट्या (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

आम्ही पुण्याचे. आंजर्ल्याला मावशी, गुहागरला सासरचं मूळ घर, देवगडला मामा. मुलांच्या परीक्षा संपल्या की सासूबाईंसकट पाच जण गाडीत कोंबून दापोलीपासून मालवणपर्यंत उतरत जायचं, मधल्या दोन-तीन रात्री तंबूत काढायच्या, हा क्रम गेली बरीच वर्षं चालू आहे. गुढीपाडवा झाला की भावंडांचे आणि मैत्रिणींचे तेच ते फोन सुरू होतात. एकदाच लिहून टाकते.

नक्की कधी निघावं?

मेच्या पहिल्या आठवड्यात निघा आणि वीस-बावीस तारखेपर्यंत परत या. एप्रिलमध्ये आंबा महाग असतो आणि गावातली भावंडं अजून आलेली नसतात. मेच्या शेवटी वळीव गाठतो. पाऊस कोकणात साधारण ७ जूनच्या सुमारास येतो, मृगाच्या मुहूर्तावर, असं आपण धरून चालतो. पण २०२५ मध्ये तो २५ मेलाच देवगडात हजर होता. २०२१ मध्ये तौक्ते वादळ मेच्या मध्यावरच किनाऱ्याला घासून गेलं. त्यामुळे शेवटचा आठवडा मोकळा ठेवा, त्यात काही आखू नका.

गाडीने जावं, रेल्वेने की एसटीने?

एकाच घरी जाऊन राहायचं असेल तर रेल्वे. तीन घरं करायची असतील तर गाडी.

रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, आणि मेच्या तारखांचं कोकणकन्या, मांडवी, तुतारी यांचं तिकीट बघता बघता संपतं. स्टेशन आणि गाव यांच्यात अंतर असतं हे नवीन लोक विसरतात. दापोलीला खेडला उतरायचं, गुहागरला चिपळूणला, देवगडला कणकवलीला, मालवणला कुडाळ किंवा सिंधुदुर्गनगरीला. तिथून पुढे एसटी, रिक्षा, नाहीतर आणायला आलेला मामेभाऊ. प्रवास मात्र मुलांना एकदा घडवाच. रत्नागिरीजवळचा साडेसहा किलोमीटरचा करबुड्याचा बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवल नदीवरचा पूल यांच्यासाठी मोबाइल आपोआप खाली ठेवले जातात.

एसटीला नाकं मुरडू नका. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ती फुकट आहे. आमच्या सासूबाई दोन वर्षं झाली हट्टाने गुहागर ते चिपळूण एसटीने जाऊन बहिणीला भेटून येतात. गाडीने सोडते म्हटलं की म्हणतात, ‘तुझ्या गाडीत कंडक्टर नाही, गप्पा कुणाशी मारू?’

नकाशावर दोन तास दिसतात, प्रत्यक्षात चार लागतात. असं का?

मध्ये खाडी असते. दापोली आणि गुहागर समोरासमोर आहेत, पण मध्ये दाभोळची खाडी आहे. रस्त्याने गेलात तर खेड-चिपळूणचा वळसा पडतो. दाभोळला तरीत, म्हणजे गाड्या पलीकडे नेणाऱ्या बोटीत, गाडी चढवली की पलीकडे धोपावे. तसंच वेसवी ते बागमांडला, तवसाळ ते जयगड, आणि वर रायगडात आगरदांडा ते दिघी. तरींच्या या चार जागा लक्षात ठेवल्या तर मुंबई-गोवा महामार्गाचं तोंड न बघता किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरता येतं. तो महामार्ग २०११ पासून रुंद होतोय. त्यावर अधिक बोलणे नलगे.

तरीचं गणित एवढंच की शनिवार-रविवारी दुपारी रांग असते. सकाळी आठच्या आत धक्क्यावर पोचा. गाडीतून उतरून कठड्याशी उभं राहा, मुलांचा हात धरा. पलीकडे पोचल्यावर लगेच सुसाट सुटू नका, धक्क्यावर कोळणी असतात.

पेट्रोल दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा मोठ्या गावी भरून घ्या. काटा अर्ध्याच्या खाली आणि रस्ता सड्यावरचा, म्हणजे जांभ्याच्या उजाड पठारावरचा, असं होऊ देऊ नका.

भरती-ओहोटी कशी ओळखायची?

मोबाइलवर कळतं, पण रेंज नसते तेव्हा कालनिर्णय पुरतं. गुहागरच्या काकांनी शिकवलेला हिशेब असा: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. द्वितीयेला दीड. अमावस्या-पौर्णिमेला पंधरा धरून सव्वाअकरा, म्हणजे बाराच्या आसपास. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. रोज वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण सहलीला पुरे.

अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाणी सगळ्यात वर येतं आणि सगळ्यात खालीही जातं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा समुद्र सुस्त असतो. तिसऱ्या शिंपल्या काढायला, खडकात खेकडे बघायला जायचं तर उधाणाच्या दिवसातली ओहोटी गाठा.

किनाऱ्यावर तंबू ठोकता येतो का?

वाट्टेल तिथे नाही. आधी ग्रामपंचायतीत विचारा, काही ठिकाणी पावती फाडून परवानगी मिळते, काही ठिकाणी नाही. सुरूची बनं बहुतेक जागी वनखात्याची असतात. तिथल्या सुया मेमध्ये काडीने पेटतील इतक्या सुकलेल्या असतात, त्यामुळे बनात चूल नकोच. सगळ्यात सोपं म्हणजे नातेवाइकांच्या किंवा ओळखीच्या वाडीत तंबू लावायचा. समुद्र पन्नास पावलांवर, न्हाणीघर तीस पावलांवर.

वाडीत लावताना माडाखाली लावू नका. हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. नारळ आधी फोन करून पडत नाही, आणि वाळलेली झावळी तर नारळाहून मोठी. मेमध्ये आंब्याखालीही नको, रात्रभर धप धप चालतं आणि सकाळी तंबूवर मुंगळे. चिकू किंवा कलमाच्या रांगांमधली मोकळी जागा बघा.

आमची फजिती ऐका. धाकटा सहा वर्षांचा होता. ‘वाळूतच झोपायचं’ म्हणून बसला. संध्याकाळी सहाला गुहागरच्या किनाऱ्यावर गेलो तर समुद्र केवढा लांब! पुळण अशी पसरलेली की वाटावं, इथे लग्नाचा मांडव घालावा. ओल्या वाळूच्या चांगलं वीस पावलं वर तंबू ठोकला, भाकरी-चटणी खाल्ली, झोपलो. पावणेबाराला माझ्या पायाला गार लागलं. वाटलं बाटली सांडली. हात फिरवला तर तंबूच्या बुडाखालून पाणी, आणि बाहेर माझी एक चप्पल देवबागेच्या दिशेने निघालेली. ती रात्र अमावस्येची होती. सहाला दिसलेली रुंद पुळण म्हणजे उधाणाची ओहोटी होती, आणि पाऊणपटीच्या हिशेबाने बाराला भरती यायचीच होती. हिशेब मला तेव्हाही पाठ होता. चार जणांनी चार कोपरे धरून ओला तंबू वाडीत नेला. काका पडवीत जागेच होते. म्हणाले, ‘मी म्हटलं येतीलच आता.’

तर किनाऱ्यावरच झोपायचं असेल तर शेवाळ, शिंपल्या, काटक्या यांची जी सर्वात वरची वाळकी रेघ दिसते, तिच्याही बऱ्याच वर तंबू लावा. आणि तिथी बघा.

सोबत काय न्यायचं?

प्लास्टिकचा जाड कागद, डोक्याला बांधायची बॅटरी, ओडोमॉस, दोरी, पाण्याचा वीस लिटरचा कॅन. झोपायच्या जाड पिशव्या नेऊ नका, मेमध्ये त्यात उकडून निघाल. सुती चादर बास.

साप-विंचवांचं काय?

दोन्ही आहेत. जांभ्याच्या सड्यावर, दगडांच्या गडग्यात फुरसं असतं. लहान दिसतं म्हणून मुलं जवळ जातात. गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही, रात्री बॅटरीशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि सकाळी बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. एवढं मुलांना घोकून घ्या.

कोकणातला लाल विंचू साधा नसतो. पूर्वी त्याच्या दंशाने माणसं दगावत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर वर्षानुवर्षं काम केलं, प्राझोसिन हे औषध वापरून मृत्यू खूप कमी केले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. तुम्ही लक्षात ठेवायचं ते हे: चावल्यावर घाम सुटला, हातपाय गार पडले, उलटी झाली तर घरगुती उपाय करत न बसता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. साप चावला तरी तेच. चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, मांत्रिक नाही. पोचायच्या आधीच गावाजवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे ते विचारून ठेवा.

नातेवाइकांकडे किती दिवस राहावं?

तीन रात्री. पहिल्या दिवशी घावन-नारळाचा रस, दुसऱ्या दिवशी आंबोळ्या, तिसऱ्या दिवशी यजमानीण माजघरात कुळथाची पिठी आणि भात वाढते. पिठी आली की तुम्ही घरचे झालात, आणि आता निघायला हरकत नाही.

पण एकीकडे चार आणि दुसरीकडे दोन असं करू नका. आम्ही एका वर्षी देवगडला पाच दिवस आणि आंजर्ल्याला दीड दिवस राहिलो. मावशी काही बोलली नाही. पुढच्या दिवाळीला फराळाचा डबा आला नाही.

शिवाय प्रत्येक गावी ‘उभ्या उभ्या जाऊन येऊ’ अशी आठ-दहा घरं असतात. उभ्या उभ्या कुणीही सोडत नाही. प्रत्येक ओटीवर कोकम सरबत. एका सकाळी किती ग्लास पोटात जातात ते मोजा, आणि मुलांना सांगून ठेवा की अर्धा ग्लास मागून घ्यायचा. टाकलेला दिसला की चर्चा होते.

त्यांच्यासाठी काय न्यावं?

मिठाई नको. मे म्हणजे गावच्या घरात पावसाळ्याच्या बेगमीचा महिना. चार महिन्यांचं लाकूडफाटा, तिखट, डाळी, सगळं भरून ठेवायचं चाललेलं असतं. तेव्हा घाटावरचा पाच किलो लसूण, सुका कांदा, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ, हे न्या. मावशीला मी एकदा उंची सुकामेवा नेला होता, तो कपाटात गेला. दुसऱ्या वर्षी लसूण नेला तेव्हा तिने चार शेजारणींना बोलावून दाखवला. म्हाताऱ्या माणसांना बॅटरीचे सेल, गुडघ्याला लावायचं मलम, चार्जिंगचा दिवा. घरातल्या बाईला ओटीचा खण द्यायला विसरू नका, आणि देवघरात नारळ.

पाण्याबद्दल कुणी काही बोलत नाही, मग जपून वापरायचं का?

बोलत नाहीत म्हणूनच जपा. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण जांभा दगड तो धरून ठेवत नाही. सगळं पाणी खाडीला. मेमध्ये कित्येक विहिरींचा तळ दिसतो. पाहुण्याला ‘पाणी कमी वापरा’ सांगणं कोकणी माणसाला मेल्याहून मेल्यासारखं. माझ्या चुलत दिराने एकदा वाडीत पाइप लावून गाडी धुतली. काकू ओटीवर उभ्या राहून हसत होत्या. संध्याकाळी पंप लावला तर नुसती हवा. एक बादली, एक तांब्या. गाडी पुण्याला जाऊन धुवा.

आंबे किती घ्यावे आणि कसे आणावे?

मामाची बाग आहे म्हणून फुकट मिळतील, ही आशा सोडा. बागायतदाराचे फवारणी, राखण, मजूर, पेट्या असे वर्षभराचे पैसे त्यात असतात. घरी खायला हवे तेवढे खा, पेट्यांचे पैसे द्या. तो नाही नाही म्हणेल. मामीच्या हातात द्या.

हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या पाच जिल्ह्यांसाठी. देवगडचा बरा की रत्नागिरीचा, हा वाद आमच्या घरात जेवणाच्या ताटावर चालत नाही, कारण सासर एकीकडे आणि माहेर दुसरीकडे.

आंबा कच्चा आणा. झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने) देठासकट उतरवलेला, चीक निथळलेला. घरी आल्यावर पेंढ्याची अढी घाला: खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा एक थर, मग पेंढा. आठ-दहा दिवसांत वास खोलीभर सुटतो. देठाजवळ खळगा पडला आणि साल थोडी सुरकुतली की खा. पिवळाधमक पण घट्ट आणि बिनवासाचा आंबा बघून भुलू नका. कापल्यावर आत पांढरट स्पंजासारखा भाग निघाला तर तो साका. तो झाडावरचा दोष असतो, मामाला फोन करून भांडू नका.

येताना पेट्या बंद गाडीत उन्हात उभ्या ठेवल्या तर आंबा शिजतो. गाडी थांबेल तिथे सावली शोधा. आमच्याकडे जेवणाचं हॉटेल चवीवर नाही, समोरच्या झाडावर ठरतं.

मासे कुठे आणि कधी?

हर्णेचा लिलाव एकदा बघा, सकाळी नाहीतर दुपारनंतर. पायात जुन्या चपला घाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. म्हणून मेअखेर होड्या वर ओढलेल्या दिसतील. सोडे, सुकट, सुके बोंबील याच महिन्यात घेऊन ठेवतात.

कुणाच्या घरी काय चालतं ते आधी विचारा. सोमवारी, गुरुवारी, संकष्टीला हातात बांगड्याची पिशवी घेऊन ओटीवर चढू नका.

मुलं कंटाळत नाहीत का?

दोन दिवस कंटाळतात. तिसऱ्या दिवशी करवंदाच्या जाळीत शिरतात आणि मग हाका मारूनही येत नाहीत.

मी कार्यक्रम आखणं सोडलंय. मामीच्या खळ्यात रातांबे फोडायला बसतात. लालभडक फळ, दोन भाग करायचे, बिया एका पातेल्यात, सालं दुसऱ्या. अर्धी सालं साखर भरून बरणीत, त्याचं सरबत. अर्धी रस पाजून पाजून उन्हात वाळवायची, त्याचं आमसूल. हात चार दिवस लाल राहतात. थोरलीने शाळा सुरू झाल्यावर बाईंना ‘मेंदी नाही, कोकम आहे’ असं समजावून सांगितलं होतं.

एक ठिकाण मात्र मुद्दाम न्या: कातळशिल्पं. रत्नागिरीजवळ उक्षीला हत्ती आहे, राजापूर तालुक्यात कशेळीचा तर एवढा अवाढव्य की त्याच्या आत आणखी प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सकाळी आठच्या आत किंवा पाचनंतर जा. मेच्या दुपारी सडा म्हणजे तवा. चपला काढून रेषांच्या कडेने चाला, रेषांवरून नको.

वेळासला कासवाची पिल्लं दिसतील का?

मेमध्ये बहुतेक नाही. ऑलिव्ह रिडलेची पिल्लं फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये समुद्रात जातात. त्यासाठी वेगळी फेरी करा, मार्चअखेर.

समुद्रात पोहावं का?

गुडघाभर पाण्यात खेळा. गणपतीपुळ्याला तेवढंही जपून. तिथला उतार आणि ओढ फसवी आहे, दरवर्षी माणसं जातात. खाडीच्या मुखाशी कधीच उतरू नका, ओहोटी लागली की पाणी बाहेर खेचतं. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर सरका. गावातला कोळी ‘आज नको’ म्हणाला की नको.

मालवणला स्कूबा आणि किल्ला होईल का?

मेच्या साधारण पंचविशीपर्यंत. मग पावसाळ्यासाठी होड्या बंद होतात, त्या थेट सप्टेंबरात सुरू. सिंधुदुर्ग किल्ल्याला सकाळच्या पहिल्या होडीने जा. २५ नोव्हेंबर १६६४ ला त्याचं बांधकाम सुरू झालं. २०२५ च्या जुलैत विजयदुर्ग, सुवर्णदुर्गासह तो जागतिक वारसा यादीत आला. आत गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत, चारी बाजूंनी खारं पाणी असताना. मुलांना तटबंदीपेक्षा त्याचंच नवल वाटलं.

म्हाताऱ्या माणसांना झेपतं का?

तंबू सोडून सगळं झेपतं. त्यांना पडवीत बाज द्या आणि दुपारी एक ते चार गाडी काढू नका. घराच्या मागे पायऱ्या आणि शेवाळ असतं, रात्रीचा दिवा त्यांच्या उशाशी ठेवा.

येताना फणस गाडीत न्यावा का?

मामा ठेवतोच, विचारत नाही. कापा असेल तर घ्या, बरका असेल तर तिथेच खाऊन संपवा. फोंडा घाट चढून राधानगरीला येईपर्यंत सगळे ‘छान वास येतोय’ म्हणतात. कोल्हापूरला काचा उघडतात. कराडला सासूबाई म्हणतात, टपावर बांधा. साताऱ्याला फणस टपावर असतो आणि वास गाडीतच असतो. आमच्या डिकीत तो जूनपर्यंत राहतो, पहिल्या पावसात दार उघडलं की येतो.